पत्रकारितेच्या इतिहासाचा बारा आठवड्यांचा दूरस्थ अभ्यासक्रम : एक परीक्षण

बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, महत्त्वाचे ते सगळे आधी सांगणाराच का लिहायचा, हा प्रश्न आमच्या डेस्कवर नव्याने रुजू झालेल्या एका मुलीने मला विचारला, तेव्हा मी न अडखळता उत्तर दिले होते : तारेच्या काळात संदेश मध्येच तुटत असत, म्हणून महत्त्वाचे ते आधी पाठवण्याची सवय बातमीदारांना लागली आणि तीच पुढे ‘उलटा पिरॅमिड’ म्हणून रूढ झाली. हे उत्तर मला माझ्या वरिष्ठांनी दिले होते, त्यांना बहुधा त्यांच्या वरिष्ठांनी, आणि वीस वर्षे उपसंपादकाचे काम करताना ते तपासून पाहावे असे मला एकदाही वाटले नव्हते. एरवी दोन ओळींच्या अपघाताच्या बातमीतही मृतांचा आकडा दोन ठिकाणांहून पडताळून घेतल्याशिवाय मी पान सोडत नाही. आपल्याच व्यवसायाबद्दलची माहिती मात्र मी ऐकीव म्हणून स्वीकारली होती. ज्या अभ्यासक्रमाचे हे परीक्षण आहे, त्याने तिसऱ्याच आठवड्यात मला ही विसंगती दाखवून दिली आणि तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे. त्यात दोषही पुष्कळ आहेत आणि तेही पुढे सांगणार आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण यातल्या काही तक्रारी कदाचित मी ज्या तुकडीत होते तिच्यापुरत्याच असतील.

रचना साधी आहे. आठवड्याला ध्वनिचित्रमुद्रित तीन व्याख्याने, एक प्रत्यक्ष चर्चा, एक लेखी स्वाध्याय, आणि जुन्या वृत्तपत्रांच्या अंकीकृत संग्रहात शिरण्याची परवानगी. शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा आणि एक दीर्घ निबंध. व्याख्यात्या अनुभवी आहेत, संथ लयीत बोलतात, आणि एखादे वाक्य चुकले तर थांबून ते दुरुस्त करतात. ध्वनिचित्रमुद्रणात ही दुरुस्ती कापून न टाकता तशीच ठेवली आहे, हे मला विशेष आवडले.

पहिले दोन आठवडे मात्र कंटाळवाणे आहेत. रोमचे ‘अॅक्टा डायर्ना’, १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गला योहान कारोलसने काढलेले ‘रेलात्सिओन’ हे वृत्तपत्र, १६४४ मधली मिल्टनची मुद्रणस्वातंत्र्याची बाजू, १६६५ चे ‘ऑक्सफर्ड गॅझेट’, १७०२ मध्ये एलिझाबेथ मॅलेटने सुरू केलेले ‘डेली कूरंट’ असे एकामागून एक थांबे येतात, आणि प्रत्येक थांब्यावर सनावळी वहीत उतरवून घेण्यापलीकडे विद्यार्थ्याला काही काम उरत नाही. इतिहास म्हटले की मुलांना जांभई का येते, याचे उत्तर याच दोन आठवड्यांत सापडते. अपवाद एकच व्याख्यान, तेही जेमतेम वीस मिनिटांचे. २५ सप्टेंबर १६९० रोजी बोस्टनमध्ये बेंजामिन हॅरिसने ‘पब्लिक ऑकरन्सेस’ नावाचा अंक काढला आणि परवाना न घेतल्यामुळे चारच दिवसांत तो बंद पाडण्यात आला, एवढे बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. व्याख्यात्यांनी तो अंकच पडद्यावर उघडला. चार पानांपैकी तीनच छापलेली आहेत. चौथे कोरे आहे, वाचकाने त्यावर आपल्याकडची बातमी लिहून अंक पुढच्या माणसाकडे द्यावा म्हणून. अंक महिन्यातून एकदा निघेल, पण घडामोडींची गर्दी झाली तर लवकरही निघेल, असे हॅरिस सुरुवातीलाच सांगतो. एखादी चूक झाली तर पुढच्या अंकात ती दुरुस्त करू आणि खोटी बातमी जाणूनबुजून पसरवणाऱ्याचे नाव छापू, असे आश्वासनही तो देतो. दुरुस्तीचे हे आश्वासन पाळायला त्याला पुढचा अंक मिळालाच नाही. वाचकाच्या सहभागाची आणि खोट्या बातमीच्या बंदोबस्ताची चर्चा आपल्या पिढीने सुरू केली, असा समज असलेल्या कोणालाही ते कोरे पान पाच मिनिटे पाहायला द्यावे.

तिसऱ्या आठवड्यापासून अभ्यासक्रमाला खरा सूर सापडतो. विषय तोच, उलट्या पिरॅमिडचा. आणि साहित्य म्हणून १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनहून निघालेले तीन मजकूर. अब्राहम लिंकन यांच्यावर फोर्ड्‌स नाट्यगृहात गोळी झाडली गेली, त्या रात्रीचे. पहिला मजकूर असोसिएटेड प्रेसचे बातमीदार लॉरेन्स गोब्राइट यांचा, एका वाक्याचा : अध्यक्षांवर आज रात्री नाट्यगृहात गोळी झाडण्यात आली असून जखम कदाचित प्राणघातक आहे. इथवर माझ्या उत्तराला कुठे धक्का लागत नाही. पण त्याच गोब्राइट यांनी नंतर पाठवलेली सविस्तर बातमी उघडली की पायाखालची जमीन सरकते. ती सुरू होते अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी आज नाटक पाहायला गेले होते, येथून. मग जनरल ग्रँट येणार असे जाहीर झाले होते पण ते न्यू जर्सीच्या गाडीने निघून गेले, हे येते. मग नाट्यगृह खचाखच भरले होते आणि प्रेक्षक रंगून गेले होते, हे. आणि त्यानंतर तिसरा अंक चालू असताना पिस्तुलाचा आवाज. म्हणजे तार उपलब्ध आहे, बातमी शतकातली सर्वांत मोठी आहे, बातमीदार कसलेला आहे, आणि तरीही तो गोष्ट सांगितल्यासारखी पहिल्यापासून सांगतो आहे. तारा तुटण्याच्या भीतीनेच जर ही शैली जन्माला आली असेल, तर ती भीती त्या रात्री कुठे गेली होती?

तिसरा मजकूर अधिक बोचरा. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी न्यू यॉर्कला पाठवलेला संदेश वृत्तपत्रांनी जसाच्या तसा छापला. त्याच्या पहिल्या वाक्यात वेळ आहे, ठिकाण आहे, कोणावर हल्ला झाला ते आहे, शेजारी कोण बसले होते ते आहे आणि हल्लेखोर कुठून आला तेही आहे. डेविड मिंडिच या अभ्यासकाने असे दाखवले आहे की आज आपण ज्याला आदर्श इंट्रो म्हणतो त्याच्या सुरुवातीच्या ठळक नमुन्यांपैकी हा एक आहे, आणि तो बातमीदाराने लिहिलेला नसून अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तारयंत्रणेवर ताबा असलेल्या सरकारी अधिकाऱ्याने लिहिलेला आहे. बातमीदारांच्या नेहमीच्या लेखनात ही पद्धत सर्रास दिसू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. व्याख्यात्या या सिद्धान्ताला अंतिम शब्द मानत नाहीत. तारेचा खर्च, वृत्तसंस्थांनी एकच मजकूर अनेक गिऱ्हाइकांना विकणे, साक्षर वाचकांचे वाढते प्रमाण, व्यवसाय म्हणून आलेली शिस्त अशी इतर कारणेही त्या मांडतात आणि निवड आपल्यावर सोडतात.

या आठवड्याचा स्वाध्याय असा होता की स्टँटन यांच्या संदेशातील प्रत्येक तपशील डेस्कवरच्या माणसासारखा तपासायचा. मी ते काम एका रात्रपाळीनंतर केले. संदेश म्हणतो की गोळी साडेनऊच्या सुमारास झाडली गेली. प्रत्यक्षात सव्वादहा वाजून गेले असावेत किंवा वाजत आले असावेत. संदेशात शेजारी बसलेल्या ‘मिसेस हॅरिस’ आहेत. त्या क्लॅरा हॅरिस, आणि त्यांचे लग्न तेव्हा झालेले नव्हते. वाक्य इतके घोटीव आहे की त्यात चूक असेल अशी शंकाच येत नाही. आखीव इंट्रो वाचकाइतकाच उपसंपादकालाही गाफील ठेवतो, हे मला वीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. एका जुन्या तारेने सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावून मी माझे जुने उत्तर मागे घेतले. तिने ते कोणाला सांगून झाले होते की नाही, हे विचारण्याचे धाडस मात्र केले नाही.

पाचव्या आठवड्यात अशीच आणखी एक दंतकथा तपासायला घेतली आहे. अमेरिकी वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी क्यूबात गेलेले चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टन यांना ‘तुम्ही चित्रे द्या, युद्ध मी देतो’ अशी तार केली, हा किस्सा मी स्वतः प्रशिक्षणार्थींना रंगवून सांगितलेला आहे. या किश्शाचा उगम एकच : जेम्स क्रीलमन या पत्रकाराने १९०१ मध्ये लिहिलेल्या आठवणी. रेमिंग्टन क्यूबात होते ते १८९७ च्या जानेवारीत, आणि तेव्हा क्रीलमन युरोपात होते. मूळ तार कोणालाही सापडलेली नाही. क्यूबातला स्पेनच्या सत्तेविरुद्धचा उठाव १८९५ पासूनच चालू होता, म्हणजे ‘युद्ध देण्याची’ भाषाच तिथे लागू पडत नाही. शिवाय स्पेनचे अधिकारी तारा तपासत असताना असा संदेश बिनबोभाट पोहोचला असता, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. डब्ल्यू. जोसेफ कॅम्बेल या अभ्यासकाने ही सगळी छाननी केली आणि किस्सा बहुधा घडलाच नाही असा निष्कर्ष काढला.

इथे एक सामान्य शिक्षक ‘म्हणून ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका’ असे सांगून थांबला असता. या व्याख्यात्या पुढच्याच व्याख्यानात १५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका फुटल्यानंतरचे हर्स्ट यांच्या ‘जर्नल’चे अंक उघडतात. पुरावा हाती नसताना घातपाताची खात्री देणारे मथळे, गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५० हजार डॉलरचे बक्षीस, पानभर चित्रे. तार खोटी असली तरी हे अंक खरे आहेत. खोट्या किश्शाची गंमत अशी की तो खऱ्या अपराधापेक्षा सोयीचा असतो : सगळा दोष एका उर्मट मालकाच्या एका वाक्यावर टाकला की ते मथळे लावणारी डेस्कवरची माणसे, म्हणजे आमचीच जात, नजरेआड होते. याच आठवड्यात १८३५ मध्ये ‘न्यू यॉर्क सन’ने चंद्रावर पंख असलेले मानवसदृश प्राणी दिसल्याची जी लेखमाला छापली, तिलाही ओझरता स्पर्श केला आहे, खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शल यांचे नाव त्यांना न विचारता वापरून ती कशी विश्वसनीय केली गेली, यावर एक स्वतंत्र व्याख्यान हवे होते, ते दहा मिनिटांत उरकले आहे.

आठवा आठवडा मात्र या अभ्यासक्रमाचा गाभा आहे, आणि कोणी मला एकच आठवडा निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. १९२० मध्ये वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या अमेरिकी पत्रकारांनी ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने तीन वर्षांत रशियन क्रांतीबद्दल दिलेल्या बातम्या एकामागून एक वाचून काढल्या आणि मोजल्या. बोल्शेविक सत्ता कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या काळात ९१ वेळा छापून आले होते. बातमीदारांनी खोटे रचले असा लिपमन-मर्झ यांचा आरोप नव्हता. जे घडावे असे वाटत होते ते घडताना दिसले, असे त्यांचे म्हणणे होते. याला जोडूनच पुढचे उदाहरण येते. त्याच वृत्तपत्राचे मॉस्कोतले प्रतिनिधी वॉल्टर ड्युरँटी यांना १९३१ मधील वृत्तांतांबद्दल १९३२ चे पुलित्झर हे पत्रकारितेतले मानाचे पारितोषिक मिळाले. वर्षभराने, २९ मार्च १९३३ रोजी, गॅरेथ जोन्स या तरुण वेल्श पत्रकाराने बर्लिनमध्ये पत्रकारांसमोर सांगितले की आपण तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या युक्रेनमधल्या गावांतून पायी फिरलो आणि तिथे भाकरी नाही, माणसे मरत आहेत. दोनच दिवसांनी ड्युरँटी यांनी लिहिले की रशियन भुकेले आहेत, पण उपाशी मरत नाहीत.

एकाच वृत्तपत्राच्या दोन टोकांच्या चुका शेजारी ठेवण्यात व्याख्यात्यांचे कसब दिसते. १९२० पूर्वी सत्ता कोसळावी असे वाटत होते म्हणून ती कोसळताना दिसली. १९३३ मध्ये प्रवेशपरवाना, मुलाखती आणि प्रतिष्ठा टिकवायची होती म्हणून दुष्काळ दिसला नाही. जोन्स यांनी मे महिन्यात त्याच वृत्तपत्राला पत्र लिहून आपले म्हणणे पुन्हा मांडले आणि मॉस्कोतले परदेशी बातमीदार नियंत्रणामुळे सौम्य शब्दांचे उस्ताद झाले आहेत, अशा आशयाची टिप्पणी केली. चर्चेच्या तासात एका सहाध्यायाने विचारले की ड्युरँटी यांचे पारितोषिक पुढे काढून घेतले का. नाही, २००३ मध्ये पुलित्झर मंडळाने फेरविचार केला आणि ते कायम ठेवले. जोन्स यांची १९३५ मध्ये, तिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, मांचुरियाच्या सीमेलगतच्या प्रदेशात हत्या झाली.

आठवड्याचा स्वाध्याय लिपमन-मर्झ यांच्या पद्धतीचा होता : कोणत्याही एका घटनेवरच्या आपल्याच वृत्तपत्रातल्या वर्षभराच्या बातम्या घ्या आणि ‘लवकरच’, ‘शक्यता’, ‘सूत्रांनी सांगितले’ हे शब्द मोजा, मग त्यातले किती खरे ठरले ते लिहा. मी एका रखडलेल्या पुलाच्या बातम्या घेतल्या. ‘लवकरच खुला होणार’ हे शब्द आम्ही वर्षभरात अकरा वेळा छापले होते आणि त्यातली सात वाक्ये माझ्या हाताखालून गेली होती. आकडा लहान आहे आणि कोणाचा जीव गेलेला नाही. पण वहीत त्या अकरा तारखा एकाखाली एक लिहिताना जे वाटले, ते नीतिशास्त्राच्या कोणत्याही व्याख्यानाने आजवर वाटले नव्हते. पत्रकारितेचा इतिहास का शिकवावा, या प्रश्नाला अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात ‘व्यवसायाचा वारसा’, ‘लोकशाहीचा आधारस्तंभ’ वगैरे शब्दांत उत्तर दिले आहे. ते शब्द काढून टाकून हा एक स्वाध्याय छापला असता, तर माहितीपत्रक अधिक प्रामाणिक झाले असते.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार दहाव्या आठवड्याची आहे. नऊ आठवडे लंडन, न्यू यॉर्क आणि थोडे पॅरिस-बर्लिन एवढ्यातच फिरल्यावर ‘इतर परंपरा’ या शीर्षकाखाली उरलेले जग तीन व्याख्यानांत कोंबले आहे. १८२७ मध्ये न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीयांनी काढलेले ‘फ्रीडम्स जर्नल’, आमची बाजू आता आम्हीच मांडू असे पहिल्याच अंकात बजावणारे. १८२८ मधले अमेरिकेतल्या मूळनिवासी चेरोकींचे ‘चेरोकी फीनिक्स’, इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांत निघणारे. त्याच वर्षीचे इजिप्तचे सरकारी वृत्तपत्र. १७८० मध्ये कोलकात्यात ‘बेंगाल गॅझेट’ काढणारा हिकी, त्याचा तुरुंगवास आणि जप्त झालेले छपाईचे खिळे. आणि १८३२ चे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’, हे सगळे एका तासात. ‘दर्पण’च्या वाट्याला दीड मिनिट आले, मी मोजले.

यात ‘आमच्या भाषेला जागा कमी मिळाली’ एवढाच रुसवा असता तर तो मी गिळला असता. पण ही अडचण अध्यापनाची आहे. ‘चेरोकी फीनिक्स’ आणि ‘दर्पण’ यांच्यात चार वर्षांचेही अंतर नाही, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि तरीही दोघांनी एकाच पानावर राज्यकर्त्यांची भाषा आणि आपली भाषा शेजारीशेजारी लावली. एका स्तंभातला मजकूर कोणासाठी होता आणि दुसऱ्यातला कोणासाठी, दोन्हीकडे तोच आशय होता की शब्द निवडताना हात आखडता घेतला जात होता, हे प्रश्न विचारले असते तर तो आठवडा तिसऱ्या आणि आठव्या आठवड्याच्या तोडीचा झाला असता. तसेच ‘फ्रीडम्स जर्नल’ आणि ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेले डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ यांचे. जवळजवळ शतकाच्या अंतराने, दोन वेगळ्या समाजांत, ज्यांच्याविषयी नेहमी दुसरेच बोलत आले त्यांना स्वतःचे पत्र काढावे लागले. ‘मूकनायक’ या नावातच ते सगळे आले आहे. अभ्यासक्रमात आंबेडकरांचे नाव येते ते घटनाकार म्हणून, एका तळटिपेत.

या आठवड्याची लाज राखली ती कृष्णवर्णीय अमेरिकी पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्यावरील व्याख्यानाने. १८९२ मध्ये मेम्फिस येथे त्यांच्या तीन परिचितांना जमावाने ठार केल्यावर त्यांनी झुंडबळींच्या सबबी तपासायला घेतल्या, आणि त्याच वर्षी त्या बाहेरगावी असताना त्यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. नंतरच्या त्यांच्या पुस्तिकेतील आकडेवारी त्यांनी श्वेतवर्णीयांच्या वृत्तपत्रांतूनच घेतली, म्हणजे ती फुगवलेली आहे असे म्हणण्याची सोय विरोधकांना राहिली नाही. आकड्यांच्या आधारे पत्रकारिता हे काल-परवाचे तंत्र समजणाऱ्यांसाठी हे व्याख्यान आहे. वेल्स यांना पुलित्झर मंडळाने विशेष सन्मान दिला तो २०२० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ८९ वर्षांनी. व्याख्यात्या यावर भाष्य न करता आठव्या आठवड्याकडे फक्त बोट दाखवतात, आणि ते पुरते.

दुसरी तक्रार मूल्यमापनाची. ज्या अभ्यासक्रमाने मूळ अंक उघडून वाचायला शिकवले, त्याचीच अंतिम परीक्षा पन्नास वस्तुनिष्ठ प्रश्नांची आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न सनांचे आहेत. मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यालय कधी सुरू झाले (१९०८), कोलंबिया विद्यापीठात कधी (१९१२), हे पाठ असण्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण ज्यांच्या नावाचे ते पारितोषिक आहे त्या जोसेफ पुलित्झर यांच्यासारख्या सनसनाटी पत्रांच्या मालकाने आपल्या व्यवसायासाठी विद्यापीठीय शिक्षण असावे म्हणून देणगी का ठेवली असेल, हा प्रश्न परीक्षेत कुठेच नव्हता. अमेरिकी अभ्यासक जेम्स केरी यांनी १९७४ मध्येच तक्रार केली होती की पत्रकारितेचा इतिहास म्हणजे वृत्तपत्रे पारतंत्र्यातून स्वातंत्र्याकडे कशी गेली याची एकच सरळ चढती कहाणी होऊन बसली आहे, आणि बातमी लिहिण्याच्या रीतीचा, त्यामागच्या जाणिवेचा इतिहास कोणी लिहीत नाही. व्याख्यात्यांनी केरी वाचले आहेत हे त्यांच्या प्रत्येक व्याख्यानातून दिसते. परीक्षा काढणाऱ्यांनी बहुधा वाचले नसावेत.

स्वाध्यायांवरचे अभिप्राय पहिल्या चार आठवड्यांत वेळेवर आणि नेमके आले. नंतर ते उशिरा येऊ लागले आणि शेवटी ‘छान प्रयत्न’ या दोन शब्दांवर आले. आठव्या आठवड्याच्या ज्या स्वाध्यायावर मी सर्वाधिक वेळ घातला, त्याला हेच दोन शब्द मिळाले. मदत कक्षाला लिहिलेल्या तीन पत्रांपैकी एकाचे उत्तर आले, तेही माझे प्रमाणपत्र तयार असल्याचे कळवणारे.

अंकीकृत संग्रह हा अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, पण त्यातला शोध आंधळेपणाने वापरू नये. शोध लागतो तो यंत्राने ओळखलेल्या अक्षरांत, छापलेल्या पानात नव्हे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत लांब शेपटीचा ‘एस’ असे, तो यंत्राला ‘एफ’ वाटतो, आणि त्यामुळे एखादा शब्द त्या काळात वापरात नव्हताच असा निष्कर्ष कोणी काढून मोकळा होतो. घडीवर आलेली ओळ, शाई पसरलेला स्तंभ, तिरका ठेवलेला कागद यांचेही तसेच. मी शोधाचा नाद सोडून पूर्ण अंक पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायला लागले, तेव्हा कुठे एखादी बातमी कोणत्या शेजारात छापली गेली होती हे दिसू लागले. जुन्या संपादकांनी पान कसे लावले हे पाहण्यासाठी दुसरा मार्ग नाही.

बारावा आठवडा आंतरजालाचा आहे आणि तो घाईत उरकलेला आहे. १९९० नंतरच्या घडामोडी ‘अजून इतिहास झालेल्या नाहीत’ असे व्याख्यात्या म्हणतात. मला ते पटले नाही. ज्या काळातली संकेतस्थळे बंद पडली आणि त्यांवरचा मजकूर नाहीसा झाला, तो काळ १८६५ पेक्षा तपासायला अवघड होत चालला आहे, आणि म्हणूनच त्याचे शिक्षण आधी सुरू व्हायला हवे.

हा अभ्यासक्रम कोणी करावा? पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मी तो सुचवणार नाही. कधी इंट्रो लिहिलेलाच नसेल तर इंट्रोच्या जन्मकथेचे कुतूहल कशाला वाटेल? डेस्कवर किंवा बातमीदारीत दोन-चार वर्षे काढलेल्या, सवयी लागलेल्या पण अजून त्यांचा अभिमान न बाळगणाऱ्या माणसाला तो सर्वाधिक लाभेल. पत्रकारिता शिकवणाऱ्यांनी तर तो जरूर करावा, निदान तिसरा, पाचवा आणि आठवा आठवडा. कारण मी पाहिले आहे की वेळापत्रकात नवे सॉफ्टवेअर आले की पहिली कात्री इतिहासाच्या तासाला लागते, आणि हे तीन आठवडे पाहिलेला शिक्षक त्या कात्रीपुढे काहीतरी बोलू शकेल.

एक व्यावहारिक सूचना. संग्रहाची परवानगी शेवटच्या व्याख्यानानंतर तीस दिवसांनी बंद होते आणि हे कुठेही ठळकपणे लिहिलेले नाही. हवे ते अंक पहिल्या आठवड्यापासूनच आपल्या संगणकावर उतरवून घ्यावेत, आणि प्रत्येक फाइलच्या नावात वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि पान क्रमांक लिहून ठेवावा. मी ते केले नाही. गोब्राइट यांची ती सविस्तर बातमी माझ्याकडे आता फक्त वहीत हाताने उतरवलेली आहे.